समुद्रकाठचं झाड, बालाघाटाचं फळ

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की धारूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला पाट्या दिसायला लागतात. खाली लिंबाचा पाला, वर हिरवी-पांढरी सीताफळं, आणि पाटीमागे डोक्यावर पदर घेतलेली एखादी मावशी. गाडी थांबली की ती उठून उभी राहते. ''घ्या ना दादा, डोंगराचं हाय. कलमाचं न्हाई हे. खाऊन बघा आन् मंग पैसं द्या.''

एकदा अशाच एका मावशीला विचारलं, ''मावशी, हे झाड लावलं कोणी?'' ती हसायलाच लागली. ''लावतंय कोन? देवाचं हाय ते. शेळी खात न्हाई, पानी मागत न्हाई. आपल्या आपन येतंय.''

तिच्या बोलण्यात खोटं काही नाही. बालाघाटाच्या रांगेत, पाटोद्यापासून धारूर-अंबाजोगाईपर्यंत, उतारावर, गायरानात, बांधाच्या दगडात सीताफळ आपल्या आपण उगवतं. सीतामाईचं नाव त्याला चिकटलेलं आहे. पण वनस्पतिशास्त्राचे बहुतेक जाणकार सांगतात ते वेगळंच आहे. हे झाड मूळचं इथलं नाही. ते साता समुद्रापलीकडच्या उष्ण, दमट किनारपट्टीचं आहे.

शेतकरी बंधूंनो, या पाहुण्याची कूळकथा सांगायची ती केवळ गंमत म्हणून नाही. 'बीडचं सीताफळ' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव आपल्या जिल्ह्याचं झालं. पण ज्या डोंगरातल्या झाडांनी हे नाव मिळवून दिलं, ती झाडं आज कोणाच्या खात्यावर आहेत, याचं उत्तर बहुतेक गावांत मिळणार नाही.

जहाजातून उतरलेले पाहुणे

सीताफळाचं मूळ घर म्हणजे मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग आणि त्यालगतची वेस्ट इंडीज बेटं. बारा महिने ऊब, समुद्राची ओलसर हवा, मध्येच काही महिने कोरडे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, पुढे चौल आणि वसईला ठाणी केली. त्यांची जहाजं अमेरिका, आफ्रिका आणि हिंदुस्थान अशा फेऱ्या मारत. त्या जहाजांतून तोफा आल्या तशा बियाही आल्या. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची, भुईमूग, मका, बटाटा, तंबाखू हे सगळं मूळचं अमेरिकेचं. आपल्या भाकरीवरचा ठेचा आणि त्यातले शेंगदाणे, दोन्ही दर्यापारचे पाहुणे आहेत, हे ऐकून एखाद्या आजोबाला पटणार नाही. पण खरं आहे.

नावांतही त्याची खूण राहिली आहे. काजू आणि अननस ही नावं ब्राझीलच्या आदिवासींच्या बोलीतून पोर्तुगीजांच्या तोंडी आली आणि तिथून आपल्याकडे. सीताफळाला पोर्तुगीज 'आता' म्हणत. बंगालमध्ये आजही त्याला 'आता'च म्हणतात. आपण मात्र त्याला सीतेचं नाव दिलं, त्याच्या भावाला रामाचं दिलं आणि दोघांना घरचं करून टाकलं. रामफळ हे त्याच कुळातलं.

याला दुसरी बाजूही आहे. भारहूतच्या स्तूपावर आणि मथुरेच्या जुन्या शिल्पांत सीताफळासारखी दिसणारी फळं कोरलेली आहेत. त्यावरून इंग्रज संशोधक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात असं म्हटलं होतं, की हे फळ इथं आधीपासून असावं. वाद पुष्कळ झाला. ते कोरीव फळ दुसरंच काही असावं, असं म्हणणारेही आहेत. सीताफळाच्या जवळच्या बहुतेक रानटी भाऊबंदांचं घर अमेरिकेत आहे, म्हणून तज्ज्ञांचा कौल तिकडे जातो.

कोकणातून घाट चढून हे झाड देशावर आलं. कोणी आणलं त्याची नोंद नाही. वाटसरूच्या शिदोरीतून, बैलगाडीतून, बाजारातून. जिथं फळ खाल्लं तिथं बी थुंकली गेली आणि रुजली. किनाऱ्यापासून बीड सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर. हवा उलटी, पाऊस निम्म्याहूनही कमी, माती मुरमाड. काजू इथवर येऊन जंगली झाला नाही. अननस तर आलाच नाही. सीताफळ मात्र आलं, रुजलं आणि डोंगर धरून बसलं. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

शेळी तोंड लावत नाही

मावशीनं सांगितलेलं पहिलं कारण तेच खरं कारण आहे. सीताफळाच्या पानाला उग्र वास असतो आणि चव कडू. शेळी, मेंढी, गाय तोंड लावत नाही. ज्या डोंगरावर शेकडो शेरडं रोज चरतात, तिथं बोर, बाभूळ, खैर यांची कोवळी रोपं डोकं वर काढायच्या आत खुडली जातात. सीताफळाचं रोप मात्र सुखरूप राहतं. आपल्या डोंगरांवर इतर झाडं विरळ झाली आणि सीताफळ टिकलं, त्यात या कडूपणाचा वाटा मोठा.

पानात आणि बीत जो विषारी गुण आहे, तो कीटकांना मारक आहे. म्हणूनच दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला घालतात. बियांची पूड डोक्यातल्या उवांसाठी वापरायची पद्धत खेड्यात होती. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, तेव्हा हा उपाय लेकरांच्या डोक्यावर करू नये, हे इथं सांगितलंच पाहिजे.

दुसरं कारण म्हणजे झाडाची काटकसर. उन्हाळा लागला की सीताफळ पानं टाकून देतं आणि उघडं होऊन उभं राहतं. पान नाही म्हणजे पाण्याचा खर्च नाही. मुरमाड, दगडाळ जमीन त्याला चालते, फक्त मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. काळ्या चिबड रानात ते रडतं, माळावर हसतं. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागाला हे झाड मानवलं ते यामुळे.

तिसरं कारण पाखरं आणि जनावरं. झाडावर पिकून उललेलं फळ खारी, वानरं, बुलबुल, साळुंक्या, वटवाघळं आणि गुराखी पोरं सोडत नाहीत. गर पोटात जातो, टणक बी दुसरीकडे पडते. याच डोंगरांत, पाटोदा तालुक्यात, नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोरांसाठी राखलेली ती झुडपी रानं आपल्या मूळच्या वनश्रीचा नमुना. तिच्याच शेजारी, परदेशातून आलेलं हे झाड इतक्या सलोख्यानं राहिलं, की कोणाला ते परकं वाटत नाही.

फुलाला अजून किनाऱ्याची आठवण

झाड दुष्काळाला सरावलं, पण फूल सरावलं नाही. कमी फळधारणेचं दुखणं बरेच बागायतदार सांगतात, त्याचं मूळ यात आहे.

सीताफळाचं फूल आधी मादी म्हणून उमलतं. तेव्हा त्याच फुलातला परागकण तयार नसतो. पराग मोकळा होईपर्यंत त्या फुलाचं स्त्रीकेसर सुकून गेलेलं असतं. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन टाकावा लागतो. मधमाशी या फुलाकडे फारशी फिरकत नाही. पाकळ्या जाड आणि मिटल्यासारख्या. हे काम करतात बारीक भुंगेरे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. पिकलेल्या, सडलेल्या फळांत आणि पालापाचोळ्यात ते वाढतात आणि फुलाच्या वासानं आत शिरतात.

त्यातही हवा कोरडी आणि उन्हाची असली, की स्त्रीकेसर लवकर वाळतं आणि फूल गळून पडतं. हवेत ओल असली तर ते अधिक वेळ ओलसर राहतं आणि फळ धरतं. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये आलेली पुष्कळ फुलं वाया जातात आणि मृगाच्या पावसानंतरच्या फुलांना फळ चांगलं लागतं. जन्मगावची दमट हवा या फुलाला अजून लागते, आणि ती आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मिळते. पाऊस लांबला की सीताफळाचाही हंगाम बिघडतो तो यामुळे.

यातून शेतकऱ्यानं घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. बहार धरताना फुलांच्या दिवसांत कडक कीटकनाशकाची फवारणी करू नये. पिठ्या ढेकणाबरोबर आपले भुंगेरेही मरतात. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नये, तो आच्छादन म्हणून राहू द्यावा. ओल टिकते आणि भुंगेऱ्यांना घर मिळतं. बागेच्या वाऱ्याच्या बाजूला शेवरी, गिरिपुष्पासारखी वारा अडवणारी ओळ असली तर उन्हाळी झळ कमी लागते. ज्याच्याकडे झाडं थोडी आणि घरात माणसं आहेत, त्यानं हातानं परागीकरण करून पाहावं. पराग मोकळा झालेली फुलं गोळा करायची, पराग वाटीत झाडायचा आणि मऊ कुंचल्यानं नुकत्या उमललेल्या फुलांना लावायचा. सगळीकडून पराग मिळालेलं फळ गोल भरतं. अर्धवट मिळालेलं एका अंगानं चपटं राहतं. बाजारात वाकडं फळ मागं पडतं, त्याचं कारण पुष्कळदा खतात नसून फुलात असतं.

सगळेच पाहुणे गुणी नाहीत

उष्ण प्रदेशातून आलेली सगळीच झाडं अशी उपकारी निघाली असती तर प्रश्नच नव्हता. घाणेरीही अमेरिकेचीच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बागेच्या कुंपणाला शोभेसाठी आणली. तिलाही शेळी तोंड लावत नाही. तिची काळी फळं बुलबुल खातो आणि बी डोंगरभर टाकतो. आज घाणेरीखाली गवताची काडी उगवत नाही. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलं आणि पुढे देशभर झालं. अमेरिकेतूनच आलेल्या वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, बी लेंडीतून पडते आणि नदीकाठ व्यापला जातो. अलीकडची गोष्ट म्हणजे मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी. ती २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच हंगामात महाराष्ट्रात पोचली.

म्हणजे 'शेळी खात नाही' हा जो गुण सीताफळाला तारून गेला, तोच घाणेरीत अवगुण ठरला. पाहुणा चांगला की वाईट, हे तो कुठून आला यावर ठरत नाही, तो आपल्या डोंगराला काय देतो यावर ठरतं. आणि आता या दोघांची गाठ एकाच उतारावर पडली आहे. सीताफळाच्या बुंध्याभोवती घाणेरी माजली की नवीन रोपांना ऊन मिळत नाही. जुनं झाड वठलं की त्याच्या जागी सीताफळ येत नाही, घाणेरी येते. श्रमदानाचा एक दिवस घाणेरी मुळासकट उपटण्यासाठी द्यायला हरकत नाही. आणि ती फळं येण्याआधी उपटली तरच उपयोग.

डोळे उघडण्याआधीची तोड

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. डोंगरातलं सीताफळ कोणाचंच नाही, म्हणून ते टिकलं. आणि कोणाचंच नाही, म्हणूनच आता ते धोक्यात आहे.

सीताफळ तोडायची वेळ त्याच्या डोळ्यांवरून कळते. फळावरचे डोळे मोठे होतात, दोन डोळ्यांमधली खाच रुंदावते आणि तिथला हिरवा रंग जाऊन पिवळसर-पांढरा दिसतो. याला आपण 'डोळे उघडले' म्हणतो. अशा वेळी तोडलेलं फळ तीन-चार दिवसांत घरी पिकतं आणि गोड लागतं. डोळे मिटलेले असताना तोडलेलं फळ नीट पिकत नाही. ते दगडासारखं राहतं, काळं पडतं किंवा पिचपिचीत होतं.

हे डोंगरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तरी कच्ची तोड का होते? कारण साधं आहे. ''म्या ठिवलं तर उद्या दुसरा नेतोय,'' असं प्रत्येकाला वाटतं. झाड सामाईक, फळ पहिल्या हाताचं. मग आठ दिवस आधी तोड होते, व्यापारी अडून भाव पाडतो, शहरातलं गिऱ्हाईक एकदा फसतं आणि पुढच्या वेळी 'बीडचं' म्हटलं तरी कलमी फळाकडे वळतं. ज्या मावशीनं पहाटे डोंगर चढून पाटी भरली, तिच्या हातात मजुरीही पडत नाही. मानांकनाचं नाव कागदावर राहतं.

दुसरा धोका जमिनीचा. उतार सपाट करून वाहितीखाली आणताना, बांध रुंद करताना, रस्ता काढताना पहिला घाव सीताफळावर बसतो; कारण ते लाकडाचं झाड नाही, त्याची कुठं नोंद नाही, त्याला कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात डोंगराला लावलेली आग तर एका रात्रीत पाच-दहा वर्षांची रोपं घेऊन जाते.

तिसरा धोका जरा वेगळा आहे, कारण तो चांगल्या गोष्टीतून आला आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातील गोरमाळे इथल्या नवनाथ कसपटे यांनी निवडीतून तयार केलेलं एनएमके-१ म्हणजेच 'गोल्डन' हे वाण आज सगळीकडे लावलं जातं. फळ मोठं, गर भरपूर, बी कमी, आणि टिकतंही जास्त. तेलंगणातलं बाळानगर आहे, बेंगळूरच्या संस्थेचं अर्का सहन आहे. शेतकऱ्यानं बाग लावताना यांतलं वाण लावलं तर त्यात गैर काही नाही. पोट बाजारावर चालतं. पण एकाच वाणाची कलमं म्हणजे एकाच झाडाच्या नकला. डोंगरातलं प्रत्येक झाड बीपासून आलेलं, म्हणून प्रत्येक वेगळं. कोणाचा गर जास्त, कोणाची साल जाड, कोणी दुष्काळातही फळ धरणारं, कोणी उशिरा येणारं. उद्या नवा रोग आला, पाऊस आणखी सरकला, तर त्याला तोंड देणारं झाड या डोंगरातच सापडण्याचा संभव जास्त.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ते केंद्र. तिथलं 'धारूर-६' हे वाण आपल्याच धारूर भागातल्या सीताफळांतून निवडलेलं आहे. म्हणजे एका डोंगरी झाडानं विद्यापीठाला वाण दिलं. अशी किती झाडं अजून कोणाच्या नजरेत न येता उभी आहेत आणि किती तुटून चुलीत गेली, याचा हिशेब कोण ठेवणार?

समुद्रकाठच्या एका गावानं काय केलं

ज्या किनाऱ्यावरून सीताफळ आलं, त्या कोकणात एक गाव आहे. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, गाव वेळास. तिथल्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडले त्यांचं नाव. पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसं ती अंडी काढून नेत. ज्याला सापडली त्याची. आपल्या सीताफळासारखंच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला शहरातली माणसं येऊ लागली. ती गावातल्या घरांतच उतरतात, घरचंच जेवतात आणि पैसा गावात राहतो. आज वेळासची ओळख कासवांचं गाव अशी आहे.

कासव आणि सीताफळ यांची तुलना कोणाला हसू आणेल. पण गोष्ट तीच आहे. सामाईक वस्तू गावानं मिळून राखली तर ती वाढते आणि तिच्यावर गाव पोटही भरतं. पहिल्या हाताच्या मालकीची ठेवली तर संपते. त्याच किनाऱ्यावर डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली मानांकन मिळालं. चिकूही मूळचा अमेरिकेचाच पाहुणा. पण त्याच्या बागा मालकीच्या आहेत, प्रत्येक झाडाला धनी आहे. आपलं काम अवघड आहे ते एवढ्यासाठी, की आपल्या झाडाला धनी नाही. तो गावालाच व्हावं लागेल.

ग्रामसभेच्या हातातल्या गोष्टी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांच्यासाठी चार गोष्टी इथं मांडतो. यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

पहिली, तोडीची तारीख. भाद्रपदात ग्रामसभा घेऊन ठरवावं, की गायरान आणि सामाईक डोंगरातली तोड अमुक दिवसाच्या आधी कोणी करायची नाही. डोळे उघडलेलं फळच घ्यायचं. जाणती दोन-चार माणसं आणि तोड करणाऱ्या बायका मिळून डोंगर फिरून दिवस ठरवतील. एका गावानं पाळलं तर शेजारच्या गावाचा माल आधी बाजारात जाईल, ही भीती खरी आहे; म्हणून एका घाटातल्या चार-पाच गावांनी मिळून तारीख ठरवावी.

दुसरी, नोंद. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कपाटातली ती नोंदवही काढून बघावी. त्यात सीताफळ आहे का? कुठल्या डोंगरात, कुठल्या ओढ्याकाठी, कोणतं झाड गोड, कोणतं उशिराचं, हे लिहिलंय का? नसेल तर शाळेतली पोरं आणि म्हातारी माणसं मिळून एका हंगामात ही नोंद होईल. आपल्या बांधावरच्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत प्रत्येकानं करावी. व्यापारासाठी गावाच्या हद्दीतून असा माल गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याची तरतूदही जैवविविधता कायद्यात आहे. तिची रीत पंचायत समितीत विचारून घ्यावी.

तिसरी, जागेचा प्रकार. गायरान, वनखात्याची जमीन आणि खासगी माळ यांचे नियम वेगवेगळे. वनजमिनीवरच्या गौण वनोपजावर पात्र गावांना सामूहिक हक्क मिळतात, ते २००६ च्या वनहक्क कायद्यानं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं त्याच कायद्याखाली बांबूवर आपला हक्क मिळवला. अभयारण्यात मात्र कायदा कडक आहे. तिथं परवानगीशिवाय फळालाही हात लावू नये.

चौथी, नावाचा वापर. भौगोलिक मानांकनाचं नाव कायद्यानं वापरायचं तर उत्पादकानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. नुसतं मानांकन मिळालं म्हणून खोक्यावर ते छापता येत नाही. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी यांनी तालुका कृषी कार्यालयातून ही माहिती घ्यावी. आणि ज्याच्या नजरेत एखादं असामान्य झाड आहे, त्यानं त्याच्या काडीची कलमं करून जपावीत. शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावानं नोंदवायचा हक्क २००१ च्या कायद्यानं दिलेला आहे.

जाता जाता मालाच्या टिकाऊपणाबद्दल. सीताफळ फार थंडीत काळं पडतं, त्यामुळे ते घरच्या फ्रीजमध्ये टाकून साठवता येत नाही. गर काढून गोठवला तर मात्र महिनोन्‌महिने राहतो. आइस्क्रीम, रबडीवाले तोच वापरतात. गर आटवायला जाऊ नये, तापवला की कडवट होतो. गाव मिळून पिकलेला माल एकत्र करील तरच गर काढण्याचा उद्योग परवडेल. आणि त्यालाही डोळे उघडलेलं फळच लागतं. म्हणजे गोष्ट फिरून तोडीच्या तारखेवरच येते.

घाटातल्या त्या मावशीकडून घेतलेली सीताफळं घरी तिसऱ्या दिवशी पिकली. तिनं सांगितलं होतं तशीच गोड निघाली. जाताना ती म्हणाली होती, ''पुढल्या साली या, पर लौकर या. आता आधीसारखं ऱ्हायलं न्हाई. वर लांब जावं लागतंय.''

कोणे एके काळी समुद्र ओलांडून, घाट चढून हे झाड आपल्या दारात आलं. चारशे वर्षांच्या आसपास त्यानं आपल्याकडे खत मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. आता ते एवढंच मागतंय, की डोळे उघडेपर्यंत थांबा.